क्षणप्रकाशांतील कोळी

आपल्या घराच्या आढ्याला जाळें विणून बसलेला कोळी हा मनुष्याचा फार जुना शेजारी आहे. परंतु शेजारधर्म म्हणून जो कांहीं असतो तो आपण त्याच्याशीं फारसा पाळलेला नाहीं. दिवाळी जवळ आली म्हणजे केरसुणीच्या एका फटकाऱ्यासरशीं त्याचा संसार आपण उधळून देतों, आणि त्याच्या कारागिरीचें कौतुक करण्याचें काम तत्त्वज्ञांवर सोंपवितों. अक्षरब्रह्मापासून हें विश्व कसें निर्माण होतें तें सांगतांना मुंडकोपनिषदाच्या कर्त्यानें जो पहिला दृष्टांत घेतला, तो ऊर्णनाभीचा, म्हणजे स्वतःच्या शरीरांतून तंतु काढणाऱ्या व तो पुन्हां आंत घेणाऱ्या कोळ्याचा होय. चक्राकार जाळें विणणारे पुष्कळ कोळी आपलें जुनें जाळें खाऊन टाकतात, ही गोष्ट आधुनिक प्राणिशास्त्रालाही मान्य आहे. तेव्हां तो दृष्टांत योजणाऱ्यानें कोळी नीट निरखून पाहिला होता, असें मानण्यास हरकत नाहीं. पुढें मात्र आमच्याकडे दृष्टांत पाठ झाला आणि कोळी विसरला गेला.

विसरण्याचें एक कारण अगदीं साधें आहे. कोळी लहान, चपळ आणि बहुधा अंधारांत वावरणारा. अशा जीवाला त्याच्या जिवंतपणीं, त्याच्या घरीं, तो आपल्या उद्योगांत मग्न असतां पाहावयाचें, तर नुसता डोळा पुरत नाहीं आणि नुसतें भिंगही पुरत नाहीं. त्याला प्रकाश हवा. तोही भरपूर हवा, आणि डोळ्याचें पातें लवण्याच्या आंत येऊन नाहींसा होणारा हवा. आज ज्याला आपण 'फ्लॅश' म्हणतों त्या क्षणप्रकाशाचा इतिहास सांगूं लागलें, तर मनुष्य लहान जीवांना मारल्यावांचून पाहण्यास केव्हां व कसा शिकला, हेंच सांगावें लागतें.

प्रारंभीं मारणें अपरिहार्यच होतें. इ. स. १६६५ मध्यें रॉबर्ट हुक या इंग्रज शास्त्रज्ञानें 'मायक्रोग्राफिआ' नांवाचा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि पिसू, ऊ, माशीचा डोळा यांचीं मोठमोठीं चित्रें लोकांपुढें ठेवून सर्वांना थक्क केलें. त्यांत मुंगीच्या चित्राची हकीकत मोठी मौजेची आहे. मुंगी कांहीं केल्या स्थिर राहीना, आणि मारावी तर तिचें अंग आकसून रूप बिघडे. म्हणून त्यानें तिला ब्रँडीच्या थेंबांत बुडवून बेशुद्ध केलें आणि ती शुद्धीवर येईपर्यंत चित्र उरकून घेतलें! हुकच्या पुढें जी अडचण होती तीच पुढें दोन-अडीचशें वर्षें सर्वांपुढें होती. कीटक स्थिर करावयाचा, तर तो मृत तरी हवा किंवा बेहोष तरी हवा.

आपल्या देशांतील कीटकांचें ज्ञानही ह्याच मार्गानें जमा झालें. कापसाच्या बोंडांत शिरून सरकी खाणारी जी गुलाबी बोंडअळी आज विदर्भ-मराठवाड्यांतील शेतकऱ्याची झोंप उडविते, तिचें पहिलें शास्त्रीय वर्णन १८४३ मध्यें साँडर्स यानें केलें. तें भडोचच्या बाजूनें इंग्लंडांत पाठविलेल्या नमुन्यांवरून. पोकॉक यानें १९०० मध्यें भारतांतील कोळी-विंचवांवरील आपला मोठा ग्रंथ सिद्ध केला, तो लंडनच्या संग्रहालयांत बसून. पुसा येथील सरकारी कृषिसंस्थेंतील लेफ्रॉय याचा भारतीय कीटकांवरील ग्रंथ १९०९ मध्यें बाहेर पडला. त्याला रंगीत चित्रांची जोड होती, पण तीं हातानें काढलेलीं. या विद्वानांचे उपकार थोर आहेत. तथापि टांचणीला टोंचलेल्या किंवा मद्यार्कांत बुडविलेल्या प्राण्यावरून त्याचे अवयव समजतात, त्याचें चालणें-बोलणें समजत नाहीं. त्यांतूनही कोळ्याचें अंग मऊ. फुलपांखराप्रमाणें तो वाळवून ठेवतां येत नाहीं, आणि मद्यार्कांत त्याचा रंग पार उडून जातो. संग्रहालयांतील बाटलीमध्यें जो फिकट तपकिरी गोळा दिसतो, त्यावरून बागेंत पिवळ्या-रुपेरी पट्ट्यांनीं झळकणारा कोळी कोणास ओळखूं येणार?

छायाचित्रणकलेचा जन्म झाला तेव्हां हा प्रश्न सुटेल असें वाटणें साहजिक होतें. त्या कलेच्या जनकांपैकीं एक जो फॉक्स टॅल्बट, त्यानें १८४० च्या सुमारासच सूर्यप्रकाशावर चालणाऱ्या सूक्ष्मदर्शकांतून कीटकांच्या पंखांचीं छायाचित्रें घेतलीं. पण पंख म्हणजे कीटक नव्हे. जिवंत कीटकाचें जवळून छायाचित्र घेण्यांत जी अडचण आहे ती यंत्राच्या नवेपणाची नसून प्रकाशाच्या नियमांचीच आहे, आणि ती आजच्या कॅमेऱ्यालाही चुकलेली नाहीं. भिंग वस्तूच्या जितकें जवळ न्यावें, तितकी स्पष्ट दिसणाऱ्या भागाची खोली कमी होते. कोळ्याचे डोळे स्पष्ट आले तर पोट पुसट होतें. ही खोली वाढविण्यासाठीं भिंगाचें छिद्र बारीक करावें, तर आंत येणारा प्रकाश घटतो. शिवाय प्रतिमा मूळ वस्तूएवढी मोठी घ्यावयाची म्हटली कीं भिंग पुढें सरकवावें लागतें, आणि तेवढ्यानेंच प्रकाश एक-चतुर्थांशावर येतो. प्रकाश घटला म्हणजे वेळ वाढवावा लागतो. आणि वेळ वाढला कीं वाऱ्याची झुळूक, पानाचें हलणें, कोळ्याच्या पायाची थरथर, हें सर्व प्रतिमेंत उतरून तिचा विचका होतो. वस्तु मोठी दिसते त्याच मापानें तिची हालचालही मोठी दिसते.

हें कोडें सोडविण्याचा जो मार्ग तेव्हां उपलब्ध होता तो हुकचाच. अमेरिकेंतील वनस्पतिशास्त्रज्ञ डेव्हिड फेअरचाइल्ड व त्यांच्या पत्नी मॅरियन यांनीं १९१४ मध्यें 'बुक ऑफ मॉन्स्टर्स' म्हणून कीटकांच्या छायाचित्रांचें एक नामांकित पुस्तक काढलें. त्यासाठीं त्यांनीं कित्येक फूट लांबीचा कॅमेरा उभारला होता. चित्रें अशीं तेजस्वी कीं नाकतोडा आतां उडी घेतो कीं मग, असें वाटावें. परंतु ते कीटक मारून, त्यांचे पाय जिवंतासारखे मांडून ठेवलेले होते. मृताला जिवंताचें सोंग देण्याची ती कला होती.

खरी वाट याच्या कितीतरी आधीं दिसलेली होती, पण तिच्यावरून चालणारे थोडे. १४ जून १८५१ रोजीं त्याच टॅल्बटनें लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें एक प्रयोग केला. वेगानें फिरणाऱ्या चक्रावर त्यानें 'टाइम्स' पत्राचा एक तुकडा चिकटविला, खोली अंधारी केली, आणि विजेची एकच ठिणगी पाडून तिच्या प्रकाशांत छायाचित्र घेतलें. तुकड्यावरील अक्षरें वाचतां आलीं. म्हणजे वस्तु थांबविण्याची गरज नाहीं. प्रकाशच पुरेसा अल्पजीवी असला, तर धांवणारी वस्तु आपोआप थांबल्यासारखी उमटते, हें त्या दिवशीं सिद्ध झालें.

मधल्या काळांत लोकांनीं निराळा प्रकाश जवळ केला, तो मॅग्नेशियम धातूचा. ही धातु जाळली असतां निघणारा शुभ्र प्रकाश छायाचित्रणाला उपयोगीं पडेल, असें बुन्सेन व रॉस्को यांनीं १८५९ मध्यें सुचविलें. १८८७ मध्यें गेडिके व मीटे या दोघां जर्मनांनीं मॅग्नेशियमच्या भुकटींत पोटॅशियम क्लोरेट वगैरे मिसळून एकदम भडकणारी दारू तयार केली. ही दारू म्हणजे स्फोटच. धूर, राख, दुर्गंधि आणि हात भाजण्याचें भय तिच्या सोबत येई. तरी तिच्या बळावर जॉर्ज शायरस या अमेरिकन वकिलानें रात्रीच्या अंधारांत हरणांचीं वगैरे छायाचित्रें घेतलीं, आणि १९०६ च्या जुलैमध्यें 'नॅशनल जिऑग्राफिक' मासिकानें त्यांतलीं ७४ एकाच अंकांत छापलीं. १९३० च्या आगेंमागें काचेच्या गोळ्यांत बंद केलेला प्रकाश आला; धूर गेला, पण प्रत्येक चित्राला एक गोळा खर्ची पडे. हरणाला हा प्रकाश पुरे. माशीच्या पंखाला मात्र तो फार सावकाश होता.

माशीच्या पंखाला विजेची ठिणगीच पाहिजे होती. पॅरिस येथें मारे यांच्या संस्थेंत काम करणाऱ्या ल्यूसियँ बुल यानें १९०४ च्या सुमारास ती साधली. त्याची युक्ति अशी कीं, चिमट्यांत हलकेच धरलेला कीटक सुटून उडाला रे उडाला, कीं त्याच्याच सुटण्यानें विजेचें मंडल चालू व्हावें, आणि ठिणग्यांची माळ लागून फिरत्या फितीवर चित्रांमागून चित्रें उमटावीं. उडणारी माशी पंख कसे फिरविते, हें मनुष्याच्या डोळ्याला तेव्हां उमगलें. पुढें अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूटमधील हॅरॉल्ड एजर्टन यानें १९३१ पासून या ठिणगीला शिस्त लाविली. विजेचा सांठा करून तो वायूनें भरलेल्या काचेच्या नळींतून एका क्षणांत सोडावयाचा, ही त्याची रचना. आज प्रत्येक छायाचित्रकाराच्या पिशवींत असलेला फ्लॅश तिचाच वंशज आहे. या प्रकाशाचें दैव कसें विचित्र पाहा! ज्यानें गुंजनपक्ष्याचे पंख थांबविले, त्याच एजर्टनच्या दिव्यांनीं दुसऱ्या महायुद्धांत विमानांतून शत्रूचा मुलूख रात्रीं उजळून टाकला.

शांततेच्या काळांत या दिव्याचें सर्वांत सुंदर चीज इंग्लंडांतील स्टीफन डाल्टन यानें केलें. सेकंदाच्या सुमारें पंचवीस हजाराव्या भागाइतका अल्प प्रकाश वापरून त्यानें मुक्तपणें उडणारे कीटक रंगांत टिपले, आणि १९७५ मध्यें त्यांचें पुस्तक प्रसिद्ध केलें. १९७७ मध्यें 'व्हॉयेजर' यानें सूर्यमालेबाहेर जाण्यासाठीं निघालीं, तेव्हां पृथ्वीची ओळख म्हणून त्यांबरोबर पाठविलेल्या चित्रांत डाल्टनच्या पुस्तकांतील उडत्या कीटकाचें एक चित्र घालण्यांत आलें. पृथ्वीची ओळख देतांना मनुष्याला कीटकाचा विसर पडला नाहीं, ही गोष्ट लहान नव्हे.

आतां आपल्या घराकडे वळूं. छायाचित्रणाच्या बाबतींत महाराष्ट्र मागासलेला होता असें कोणी म्हणूं नये. मुंबईंत १८५४ मध्येंच फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, डॉ. भाऊ दाजी व त्यांचे बंधु डॉ. नारायण दाजी यांचा तिच्याशीं निकट संबंध होता. त्याच मुंबईंत १८८३ मध्यें निसर्गेतिहास मंडळ, म्हणजे बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटी, उदयाला आलें. तिच्या संस्थापकांपैकीं एडवर्ड हॅमिल्टन ऐटकेन हा साताऱ्यांत जन्मलेला. त्यानें बंगल्याच्या भिंतींवरील कोळी, मुंग्या, बेडूक यांच्यावर विनोदानें भरलेलें पुस्तक त्याच वर्षीं लिहिलें. पण त्यांतलीं चित्रें रेखाटलेलीं होतीं. म्हणजे एकाच शहरांत कॅमेरेवाले होते आणि कीटकांचे दर्दीही होते. त्यांना एकत्र आणणारा प्रकाश मात्र नव्हता.

लहान जीवाच्या वाढीकडे कॅमेरा धीरानें लावण्याचा मान एका मराठी माणसाला आहे, हें येथें आवर्जून सांगितलें पाहिजे. दादासाहेब फाळके यांनीं १९१२ मध्यें, 'राजा हरिश्चंद्रा'च्या आधीं, कुंडींत वाटाण्याचें बीं पेरून त्याच्या अंकुराचीं चित्रें दिवसामागून दिवस घेतलीं आणि 'अंकुराची वाढ' हा चिमुकला चित्रपट भांडवलदारांची खात्री पटविण्यासाठीं तयार केला. बुलनें क्षणाला ताणून लांब केलें, फाळक्यांनीं दिवसांना दाबून क्षणांत बसविलें. दोघांचा हेतु एकच, डोळ्याला जें दिसत नाहीं तें दाखवावयाचें.

मराठवाड्याची गोष्ट निराळी. परभणी जिल्ह्यांतील मानवत ही कापसाची जुनी पेठ. हा सारा मुलूख सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होता. त्या राज्यांत छायाचित्रण होतें आणि तें उच्च प्रतीचें होतें. राजा दीनदयाळ यांच्यासारखा कलावंत सहाव्या निजामाच्या पदरीं होता. परंतु त्या कॅमेऱ्यापुढें दरबार, शिकारी, राजवाडे व लवाजमे उभे राहिले. मानवतच्या काळ्या रानांतील कापूस वेंचणारी बाई त्याच्यापुढें आली नाहीं, मग कपाशीच्या पानावरील कोळी कोठून येणार? चित्र कोणाचें निघावें हें ठरविणारा जो असतो, तोच पुष्कळदां इतिहासांत कोण राहावें हेंही ठरवितो.

ही स्थिति बदलली ती या शतकांत. संख्यारूपानें चित्र साठविणारे कॅमेरे स्वस्त झाले, फितीचा व धुलाईचा खर्च संपला, आणि लहान गांवांतील शिक्षक, विद्यार्थी, दुकानदारही कोळ्याच्या तोंडापाशीं भिंग नेऊं लागले. त्यांच्या साधनांत एक वस्तु अशी आहे कीं जी आपल्या घरांत पूर्वींपासून आहे. कोळ्याचे डोळे व भुंग्याचें कवच चकचकीत असतें; उघडा फ्लॅश त्यांवर पडला कीं पांढरा डाग उमटतो आणि रंग मरतात. म्हणून प्रकाशापुढें पातळ कागद किंवा कापड धरून तो मऊ करून घ्यावा लागतो. दिवाळीचा आकाशकंदील करणारीं आपलीं मुलें दुसरें काय करतात?

या रानांत पाहण्यासारखें कमी नाहीं. बोरी-बाभळींच्या कांट्यांत राखी रंगाचें, फाटक्या घोंगडीसारखें जाळें दिसतें. त्यांत स्टेगोडायफस जातीचे कोळी शेंकड्यांनीं एकत्र नांदतात, एकत्र शिकार करतात आणि पिलांचें पोषण करतात. कोळी हा एकलकोंडा व आपल्याच जातीचा वैरी, ही समजूत येथें खोटी ठरते. रात्रीं विजेरी कपाळाशीं धरून शेतांत उभें राहिलें, तर जमिनीवर हिरवट-निळ्या ठिणग्या लुकलुकतात. ते जाळें न विणतां पळून शिकार करणाऱ्या लांडगा-कोळ्यांचे डोळे. त्यांच्या डोळ्यांत प्रकाश परतविणारा पडदा असतो, म्हणून दिवा पाहणाऱ्याच्या डोळ्याजवळ असला तरच ते चमकतात.

तथापि या चित्रांवर आंधळा विश्वास ठेवूं नये. प्रकाश अंतराच्या वर्गाच्या प्रमाणांत घटतो. फ्लॅशजवळचा कोळी लखलखतो आणि त्याच्या मागचें भरदुपारचें शेत काळेंकुट्ट होतें. पाहणाऱ्याला वाटतें चित्र रात्रीचें आहे. अशी खोटी रात्र या कलेंत पदोपदीं आढळते. अधिक गंभीर वाद शास्त्रज्ञांत माजला. २०१५ मध्यें दक्षिण आफ्रिकेंतील एका माशीला दोघां विद्वानांनीं नुसत्या छायाचित्रांवरून नवी जाति म्हणून नांव दिलें. नमुना त्यांच्यापाशीं नव्हता. पुढच्याच वर्षीं सुमारें पांचशें वर्गीकरणशास्त्रज्ञांनीं एकमुखानें निषेध केला, कीं छायाचित्र हें नमुन्याची जागा घेऊं शकत नाहीं. कोळ्यांच्या बाबतींत तर त्यांचें म्हणणें फार खरें आहे. पुष्कळ जाती बाह्य रूपानें सारख्याच दिसतात. त्यांतला भेद जननेंद्रियांची सूक्ष्म रचना पाहिल्यावांचून ठरत नाहीं. २०२१ मध्यें महाराष्ट्रांत एका उडी मारणाऱ्या कोळ्याची नवी जाति नोंदली गेली आणि २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्रीं मुंबईंत प्राणार्पण करणारे पोलीस अधिकारी तुकाराम ओंबळे यांच्या स्मरणार्थ तिला 'इसियस तुकारामी' असें नांव मिळालें. तें नांव देण्यासाठींही नमुने तपासावे लागलेच. जगांतील नोंदलेल्या कोळ्यांची संख्या एप्रिल २०२२ मध्यें पन्नास हजारांवर गेली, ती अशा किचकट कामामुळेंच.

मग छायाचित्राचें मोल काय? माझ्या मतें तें शास्त्रज्ञाच्या मेजापेक्षां शेताच्या बांधावर अधिक आहे. कपाशीवर मावा, तुडतुडे, पांढरी माशी हे शत्रु असतात, तसे लेडीबर्ड भुंगेरे, क्रायसोपा आणि कोळी हे मित्रही असतात. कोळी तुडतुडे खातो, उडते पतंग धरतो. बोंडाच्या आंत दडलेल्या अळीपर्यंत मात्र त्याचा हात पोंचत नाहीं, हेंही प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे. विषारी औषध फवारलें म्हणजे तें मित्र आणि शत्रु असा भेद करीत नाहीं. कोळी मरतो, आणि उरलेल्या किडीला रान मोकळें होतें. हा भेद करावयाचा तो मनुष्यानेंच, आणि तो करण्यास आधीं ओळख पाहिजे. २००२ मध्यें बीटी कापूस आला तेव्हां बोंडअळीची चिंता मिटली असें पुष्कळांना वाटलें. २०१७ मध्यें तीच गुलाबी अळी त्या कापसालाही न जुमानतां महाराष्ट्रभर पसरली. त्याच वर्षीं यवतमाळकडे कीटकनाशकांची फवारणी करतांना विषबाधा होऊन वीसाहून अधिक शेतकरी व मजूर दगावले. न ओळखतां मारण्याची किंमत माणसालाही मोजावी लागते, याहून दुःखद प्रमाण कोणतें पाहिजे?

२००९ पासून राज्यांत कापूस-सोयाबीनवरील किडींचें नियमित सर्वेक्षण चालू झालें, आणि परभणीचें कृषि विद्यापीठ १९७२ पासून या भागांत आहे. त्यांच्या भिंतींवरील तक्त्यांत शत्रुकिडींचीं चित्रें ठळक असतात. मित्रांचींही तितकींच ठळक असावींत, आणि तीं परमुलखांतून आणलेलीं नसून याच रानांतलीं, याच कपाशीच्या पानावरचीं असावींत. मानवतसारख्या गांवच्या शाळेंत एखाद्या गुरुजींनीं मुलांकडून आपल्या शिवारांतील वीस-पंचवीस कोळ्यांचीं अशीं चित्रें घेवविलीं आणि तीं बाजाराच्या दिवशीं आडतीच्या दारांत लाविलीं, तर त्यास फारसा खर्च येणार नाहीं. फवारणीचा पंप पाठीवर घेण्यापूर्वीं शेतकरी तेथें क्षणभर थांबेल, पानावर बसलेला जीव कोण हें पाहील; आणि पुढें काय करावें तें त्याचें तो ठरवील.